मी, जेलचा अशासकीय अभ्यागत

३ जानेवारी, शनिवार
पत्र आलं. महिला कारागृहाच्या अभ्यागत मंडळावर अशासकीय सदस्य म्हणून माझी नेमणूक. जेलमध्ये जायचं, कैदी बायकांची विचारपूस करायची, काही चुकत असेल तर मंडळाच्या अध्यक्षांना, म्हणजे न्यायाधीशांना, लेखी कळवायचं. सुभद्रेला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, जेलात जायचं म्हणून इतका खूश झालेला माणूस पहिल्यांदाच बघते.
आयुष्य एचआरमध्ये गेलं. समोरच्याला काय हवंय ते तो बोलायच्या आधी मला कळतं. जेलला अशाच माणसाची गरज होती.

८ जानेवारी, गुरुवार
व्हिजिटिंग कार्डं आली. ‘अभय परब, अभ्यागत’. अक्षरं सोनेरी. बंडी ड्रायक्लीनला टाकली. सोसायटीच्या ग्रुपवर बातमी टाकली, बरेच अंगठे आले.
प्लॅन तयार. आधी लाफ्टर क्लब, मग भिंतींवर सुविचार. वर्षाच्या आत हे जेल राज्यात पहिलं.

१२ जानेवारी, सोमवार
पहिली भेट. अधीक्षक मॅडम अत्यंत सुसंस्कृत. कांदेपोहे, चहा, मग किचन. आमटी चाखली. घरच्यापेक्षा बरी (हे सुभद्रेला सांगायचं नाही).
बरोबर दुसरी सदस्य, ऋता. एका संस्थेत काम करते. पाठीला सॅक, पायात चप्पल. स्टाफला बाहेर थांबवून बायकांशी बोलायचं म्हणाली. मी तिला बाजूला घेऊन विश्वासाचं वातावरण म्हणजे काय ते समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि स्टाफला बाहेर थांबवलं.
बराकीत सुंदराबाई भेटली. साठी उलटलेली. लालबागच्या डंक्यावर मसाला कांडायची. चाळीच्या रीडेव्हलपमेंटवरून भांडण झालं, कोणीतरी जिन्यावरून पडलं, तेव्हापासून ही आत. केस अजून उभीच राहिलेली नाही. तिला साखर आहे. पायाचं फडकं सोडून अंगठा दाखवला. वास आला. म्हणाली, “साहेब, गोळ्या देतात, पण पाय काळा पडत चाललाय. एकदा मोठ्या हॉस्पिटलात दाखवा ना.”
मी तिचा हात हातात घेतला. म्हणालो, मी बघतो. चेहराच उजळला तिचा. नुसतं ऐकून घेतल्याने केवढा फरक पडतो.
मॅडमना विचारलं. जेलचे डॉक्टर बघतात. बाहेर न्यायला पोलिसांचा गार्ड लागतो, तो मागितलाय, मिळत नाही. पटण्यासारखं आहे.

१३ जानेवारी, मंगळवार
सुभद्रेला सहज सांगितलं, तर हातातलं काम टाकून समोर येऊन बसली. आमचा मसाला इतकी वर्षं हीच सुंदराबाई कांडत होती म्हणे. मला कसं माहीत असणार? मी फक्त पिशव्या उचलायचो.
“आजच सांगा कोणाक तरी,” म्हणाली. “साखरेचो पाय वाट बघणा नाय.”
भावनेच्या भरात निर्णय घेऊ नयेत, हे तिला कधी कळणार.

१७ जानेवारी, शनिवार
ऋता दादरला भेटली. न्यायाधीशांना द्यायचं पत्र लिहून आणलं होतं. दोघांच्या सह्या असल्या की लगेच दखल घेतात म्हणाली. वाचलं. भाषा भयंकर. ‘निष्काळजीपणा’ काय, ‘जिवाला धोका’ काय. म्हटलं, ठेव माझ्याकडे, जरा सौम्य करून देतो. तिला आजच पाठवायचं होतं. तरुणांना सगळंच आज हवं असतं.
रात्रीपर्यंत बसून पहिला परिच्छेद सुधारला. ‘तातडीने’ काढून ‘यथावकाश’ घातलं. आता कसं भारदस्त वाटतं.

२० जानेवारी, मंगळवार
मॅडमचा फोन. सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा मी! तुमच्यासारखे समजूतदार सदस्य क्वचित मिळतात म्हणाल्या. पायाचा विषय जिभेवर आला होता, पण कोणी बोलवायला फोन करतं तेव्हा तक्रार काढणं असभ्य.
ठरलं. पत्र सव्वीस तारखेनंतर. आधी संबंध घट्ट, मग सूचना. याला स्ट्रॅटेजी म्हणतात.
ऋताचे दोन मिस्ड कॉल.

२६ जानेवारी, सोमवार
झेंडा, शाल, श्रीफळ. भाषणाचा विषय ‘तुरुंग मनात असतो’. टाळ्या चांगल्या. मागे एक बाई तर हसू आवरेना म्हणून तोंडात पदर घेऊन बसली होती. इतकं भिडलं.
सुंदराबाई दिसली नाही. शिपाईबाईला विचारलं, म्हणाली, उभं राहवत नाही, आत पडून असते. मॅडम शेजारीच होत्या. म्हटलं, चला, विश्रांती मिळतेय.
सुभद्रेने तिच्यासाठी नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी दिली होती. गेटवर बाहेरचं खाणं घेत नाहीत. परत नेली तर हिला वाईट वाटेल, म्हणून टॅक्सीत मीच खाल्ली. घरी तिने विचारलं, खाल्ली का तिने. म्हणालो, सगळी.
शाल तिने बघितलीसुद्धा नाही.

२९ जानेवारी, गुरुवार
ऋताचा फोन. सुंदराबाईला ताप चढलाय, पाय घोट्यापर्यंत सुजलाय. म्हटलं, ड्राफ्ट जवळजवळ तयार आहे, दुसरा परिच्छेद चाललाय. ती म्हणाली, “राहू दे काका. मी एकटीच्या सहीने पाठवते.”
टीमवर्क म्हणून काही असतं की नाही? जेवण गेलं नाही. अपमानाने.

३ फेब्रुवारी, मंगळवार
न्यायाधीशांनी ऋताच्या पत्रावर त्याच दिवशी ऑर्डर काढली. गार्डही लगेच मिळाला. म्हणजे सिस्टिम चालते, मी हेच सांगत होतो. ऋताला मेसेज केला: अभिनंदन, वेल डन टीम.
संध्याकाळी तिचं उत्तर आलं. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.
जीव तर वाचला. मुद्दा तोच आहे.
सतरा तारखेला सही केली असती, तर वाचला असता का पाय? डॉक्टरसुद्धा सांगू शकणार नाहीत. मी विचारलेलं नाही. विचारून उपयोग काय.

८ फेब्रुवारी, रविवार
हॉस्पिटलमध्ये गेलो. सुभद्रेला चल म्हटलं, तर ती परवाच जाऊन आली होती. गार्डने आत सोडलं नाही, तरी दारातून बघून आली. मला बोललीही नाही.
माझं कार्ड बघून गार्डने सोडलं. सुंदराबाई खाटेवर, चादर एका बाजूला सपाट. मला ओळखलं तिने. दोन्ही हात जोडले. शेजारी तिची मुलगी सीमा उभी होती, तिला म्हणाली, “हेच ते साहेब. ह्यांनी ऐकलं माझं. नाहीतर आतच मेले असते मी.”
मी म्हणालो, असू दे, असू दे.
ती बोलतच राहिली. माझ्या मुलाबाळांना आशीर्वाद दिले. मी ऐकून घेतलं.
निघालो तेव्हा सीमा पॅसेजपर्यंत आली. ऋताने तिला सगळं सांगितलंय, हे तिच्या तोंडावरून कळलं. गार्ड मिळत नाहीत हा सगळीकडचाच प्रॉब्लेम आहे, असं सांगणार होतो.
“आईला तसंच वाटू दे,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “तिला बरं वाटतं. पण तुम्ही परत येऊ नका.”
मी बरं म्हणालो.