सगळं दोन-दोन

४ ऑक्टोबर

पोचलो एकदाचा! हेलिकॉप्टरनं मला, माझ्या सात पेट्यांना, शिकारी पार्फेन येगोरिचला आणि त्याच्या दोन कुत्र्यांना खोपटासमोरच्या मोकळ्या जागेत उतरवलं. आता फेब्रुवारीपर्यंत या तैगाच्या जंगलात आम्ही दोघंच. बारा वर्षं नदीबंदरात बोटींची इंजिनं उघडून हात काळे केले, यंदा म्हटलं चला, मुंगसासारखी ती सेबल पकडू. मऊ कातडी, स्वच्छ हवा, आणि डोक्यावर साहेब नाही.

येगोरिच साठीचा आहे, अंगानं आडवा, बोलायला महाग. माझ्या इंजिनांचं ऐकून त्यानं लगेच मला मास्तर करून टाकलं. वैमानिक निघताना हसत म्हणाला, येगोरिचनं साथीदार आणलाय म्हणजे यंदा पाईनच्या बिया धरल्या नाहीत वाटतं, एरवी हा म्हातारा कुणाला जवळ फिरकू देत नाही. मी म्हटलं, बियांचं काय ते बिया बघतील, माझी कदर झाली की बस!

७ ऑक्टोबर

तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला मी नव्हे. येगोरिचही नव्हे. तीन दिवस नुसती तयारी चालू आहे. तो म्हणतो, इथे वस्तू मोडली की वस्तू नाही, माणूस जातो. म्हणून सगळं दोन-दोन. कुऱ्हाडी दोन, स्कीचे जोड दोन, वायरलेसचे संच दोन. वायरलेसचा एक संच इथे, दुसरा नदीवरच्या खोपटात. ते दोन दिवसांच्या वाटेवर आहे.

खोपट सोडताना चुलीत वाळकी ढलपी रचून ठेवायची आणि काड्यापेटी अर्धी उघडी, काड्यांची टोकं बाहेर काढून. हात गोठलेल्या माणसालाही पहिल्या काडीत जाळ करता आला पाहिजे. कुणासाठी, असं विचारलं तर म्हणाला, जो येईल त्याच्यासाठी. मला हे फार आवडलं.

आज रायफल पूर्ण सुटी केली. खटका, स्प्रिंग, गोळीवर आपटणारी पिन, सगळं घरच्या सवयीनं तेलात नाहवलं. येगोरिच चहा पीत बराच वेळ बघत बसला होता. म्हणाला, मास्तरांचा हात देखणा आहे हो. मी खूश.

१९ ऑक्टोबर

सापळे मांडून झाले. आमिषाला आंबवलेला मासा, आख्खं पिंप भरून. झाकण उघडलं की आतडी बाहेर यायची वेळ येते. येगोरिच म्हणतो, वास मासळीचा नाही, शहरी माणसाचा आहे. त्याच्या जिभेला हाड नाही. मी चालायला लागलो की तैगाला वाटतं लग्नाची वरात आली, माझी लापशी खाऊन कुत्र्यांनी उपास धरला, वगैरे. पहिले दोन दिवस हसलो. आता हसू येत नाही. कुत्र्यांना हात लावलेला त्याला चालत नाही. म्हणतो, लळा लावू नका, उगाच त्यांना त्रास.

जेवताना अस्वलाचा विषय काढला तर त्यानं चमचा आपटला. नाव घ्यायचं नाही, मालक म्हणायचं. मग स्वतःच सांगत बसला. बिया नाहीत त्या साली मालकाच्या अंगावर चरबी चढत नाही, चरबी नाही म्हणून झोप नाही. असा मालक हिवाळाभर भटकतो आणि जे हलेल ते खातो. पण एकदा शिकार मिळाली की संपेपर्यंत तिच्यापाशीच बसतो, कुणाच्या मागे लागत नाही. मी विचारलं, मग उपाय काय? उपाय असतोच, म्हणाला, आणि लाकडं फोडायला उठून गेला.

२ नोव्हेंबर

उणे अडतीस. सहा सापळे चिरडलेले, आमिष खाल्लेलं. बर्फात पावलं आहेत, माझ्या टोपीपेक्षा मोठी. दोन वाटा फुटतात तिथे ती माझ्या स्कीच्या रेघेवरून गेली आहेत. येगोरिचच्या नाही.

त्याला दाखवलं. म्हणाला, आवडलात तुम्ही त्याला.

५ नोव्हेंबर

भर दुपारी, तीस पावलांवर. झुडपातून उठून उभा राहिला. बरगड्या मोजता येत होत्या. मी नेम धरून खटका ओढला. बार नाही. आत काहीतरी हळूच सरकल्यासारखं झालं. तेल! थंडीनं त्याचा चिकट गोळा झाला होता आणि पिन त्यात रुतली होती. पुन्हा ओढला. पुन्हा. पाचावर धारण बसली.

येगोरिचनं हवेत बार काढला, कुत्र्या तुटून पडल्या, तो वळला.

परतल्यावर येगोरिच म्हणतो, थंडीआधी बंदूक रॉकेलनं धुऊन कोरडी ठेवतात, शेंबड्या पोराला माहीत असतं, मास्तरांना काय शिकवायचं! महिनाभर माहीत असून याच्या तोंडून ब्र निघाला नाही. अंगाचा तिळपापड झाला, पण एवढ्या जंगलात भांडणार कुणाशी?

तो म्हणाला, द्या, मी धुतो. मी पाण्यासाठी बर्फ आणायला बाहेर गेलो. आलो तर पिनेचं टोक तुटलेलं. गारठ्यात पोलाद काचेसारखं होतं म्हणे.

६ नोव्हेंबर

जादा पिनेची डबी नदीवरच्या खोपटात राहिली आहे. येगोरिच आणायला गेला. दोन दिवस जायला, दोन यायला, दहा तारखेला हजर. कुत्र्या आणि त्याची रायफल बरोबर. मला म्हणाला, दार लावून बसा, बाहेर पडू नका, मालकाला माणसाची चाहूल लागू देऊ नका. जाताना बराच वेळ खोपटाभोवती काहीतरी करत होता. माझ्यासाठी लाकडं रचत असणार.

बरं वाटलं.

८ नोव्हेंबर

वायरलेसची ताजी बॅटरी नाही. फळीवर धुळीत तिची चौकोनी जागा तेवढी आहे. संचाला जुनीच जोडलेली. हिच्यावर ऐकू येतं. बोलायला लागणारी ताकद हिच्यात नाही, हे मला नाही कळणार तर कुणाला?

चुकून नेली असेल.

९ नोव्हेंबर

स्कीचे पट्टे कापलेले आहेत. सुरीनं, सरळ. कमरेएवढा बर्फ.

वास येतोय म्हणून दार किलकिलं केलं. माशाचं पिंप आडवं, रिकामं. दारावर, भिंतींवर, खिडकीखाली सगळीकडे ओतलेलं, गोठून पिवळं झालेलं. लाकडं नव्हता रचत तो.

आता कळलं बियांचं. हवेतला बार कळला. कुत्र्यांचा लळा कळला. मालकाला मारायचा धोका कशाला घ्या? त्याला जेवायला द्यायचं, तो एका जागी बसतो, आणि म्हातारा नदीकाठी निवांत हिवाळा काढतो. केसानं गळा कापला माझा. मी त्याच्यासाठी चहा करत होतो!

पट्ट्यांसाठी कमरेचा पट्टा उभा चिरतोय. होईल.

१० नोव्हेंबर

आला. येगोरिच नव्हे.

दिवसभर खोपटाभोवती फिरतोय. भिंत चाटल्याचा आवाज येतो. खरबरीत. थांबतो, मग पुन्हा —

स्की तयार आहेत. पण दाराबाहेर तो.

११ नोव्हेंबर, सकाळ

वायरलेसवर नऊची हजेरी ऐकली. केंद्रावरची झिनाइदा एकेकाला नावानं विचारत होती. येगोरिचचा आवाज अगदी स्वच्छ, ताजी बॅटरी. म्हणाला, वाईट बातमी आहे, झिनाइदा ताई, साथीदाराला मालकानं नेलं. पाच तारखेला. बंदुकीला तेल लावून आला होता बिचारा, मी सांगून थकलो. उरलं काहीच नाही, हेलिकॉप्टर पाठवू नका.

ती रडवेली झाली. अरे देवा, येगोरिच, गेल्या वेळसारखंच? मग नोंदीसाठी आडनाव विचारलं. तो अडखळला. म्हणाला, आम्ही मास्तरच म्हणायचो.

मी बटण दाबून ओरडत होतो. रियाबोव! सावेली रियाबोव! जिवंत आहे! संचाचा काटा हललासुद्धा नाही. तिनं पुढच्या खोपटाचं नाव पुकारलं.

११ नोव्हेंबर, दुपार

मालक छपरावर आहे. माती पडतेय वहीवर.

पत्र्याच्या डब्यात घालून चुलीखाली पुरतो ही. येगोरिच म्हणेल पाच तारीख. खोटं. आज अकरा आहे, बारा वाजून गेलेत, मी लिहितोय, माझं अक्षर आहे हे. झिनाइदा ताई, तारीख बघा — पाच नाही —

छपराचं लाकूड वाकलं. नाक दिसतंय. तो हुंगतो —

आज अकरा. सावेली रिया