जाळीच्या आतलं नाव

आई,

ती जाळी आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. दोन विटा शेजारी ठेवाव्यात एवढी, काळवंडलेली, एका अंगाला दोन नळ्या बाहेर आलेल्या आणि खालच्या बाजूला तू लावलेलं तांब्याचं ठिगळ. साठाच्या वर वर्षं झाली, ठिगळ जागचं हललेलं नाही. गेल्या महिन्यात मी वर्कशॉप बंद केलं, पाटी उतरवली, खण रिकामे केले आणि ही घरी घेऊन आलो. तेव्हापासून तुला काहीतरी लिहावं असं घोळतंय. तुला वाचता येत नव्हतं. तू होतीस तोवर मलाही मराठी लिहिता-वाचता येत नव्हतं, निजामाच्या राज्यातली आमची शाळा उर्दूची. देवनागरी मी तू गेल्यावर शिकलो. त्यामुळे मायलेकांमधली ही पहिलीच चिठ्ठी आहे, आणि वय म्हणशील तर तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या दुप्पट मी आज आहे.

सेठजींच्या त्या अमेरिकन मोटारीला सगळं जालना हसायचं, आठवतं? उन्हाळ्यात जिथं पत्र्यावर पापड भाजून निघतील, तिथं हा माणूस शेगडीवाली मोटार घेऊन आला होता. इंजिनातलं कढत पाणी नळीनं आत यायचं, डॅशबोर्डच्या मागं बसवलेल्या या छोट्या जाळीत फिरायचं, मागचा पंखा वारा सोडायचा आणि पायांशी ऊब यायची. सेठजींनी ती हौसेनं घेतली नव्हती. त्यांच्या आईचे, माजींचे, गुडघे थंडीत सुजायचे, आणि माजींनी राजूरच्या गणपतीची चतुर्थी कधी चुकवली नव्हती. पौषातसुद्धा झुंजूमुंजू व्हायच्या आत निघायचं. बाबा होते तोवर ती मोटार बाबा चालवायचे. बाबा गेले आणि सेठजींनी मला ठेवून घेतलं, तेही बघू कसा काय निघतो म्हणून. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मला वाटत होतं की मोटार म्हणजे चाक फिरवणं.

बाबा रेडिएटरमध्ये गाळलेलं, उकळून गार केलेलं पाणी घालायचे. मी घातलं आडाचं खारं पाणी, कारण आड जवळ होता. वर्षभरात त्या पाण्यानं जाळीचा तळ खाल्ला. राजूरहून येताना माजींच्या पावलावर कढत पाणी सांडलं आणि शेगडीच्या उबेसाठी पुढच्या सीटवर बसलेल्या त्या एवढंच म्हणाल्या, "अरे, पाय भाजला रे." तो आवाज मला अजून ऐकू येतो. घरी गेल्यावर सेठजी ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. मी म्हणालो, शेगडीच्या नळ्या बंद करून टाकतो, मोटार चालेल. ते म्हणाले, "मोटार चालेल ते मला माहीत आहे. माझी आई कशी चालेल? पुढच्या चतुर्थीपर्यंत दुरुस्त पाहिजे, नाहीतर मी औरंगाबादहून माणूस आणतो." त्यांनी मुंबईच्या कंपनीला तार केली होती, उत्तर आलं की जर्मनी-जपानची लढाई आत्ताच संपली आहे, असा भाग अमेरिकेहून यायला वर्षसुद्धा लागेल. सेठजी सरकीच्या सौद्यासाठी हैदराबादला गेले आणि मी मोटार आपल्या अंगणात आणून उभी केली, पेरूच्या झाडाखाली.

डॅशबोर्ड उतरवायला मला दोन दिवस लागले. आज हेच मी अर्ध्या दिवसात केलं असतं, पण तेव्हा प्रत्येक स्क्रू काढला की तो परत कुठं बसवायचा हे दहादा बघून घ्यायचो. स्क्रू ठेवायला काही नव्हतं. तू आतून मिसळणाचा डबा रिकामा करून आणलास आणि म्हणालीस, "याच्यात घाल, बराबर ध्यानात राहील." घड्याळाचे स्क्रू मोहरीच्या वाटीत, काट्यांचे जिऱ्याच्या, मोठे हळदीच्या. पुढं कित्येक महिने ते मोठे स्क्रू पिवळे दिसायचे. तारांचा गुंता बघून मात्र मी डोकं धरून बसलो. सगळ्या तारा एकाच मळकट रंगाच्या. तू जुन्या लुगड्याचे काठ फाडलेस आणि मी एकेक तार सोडवत जाईन तशी तिला चिंधी बांधत गेलीस, लाल दिव्याची, हिरवी भोंग्याची, पांढरी पंख्याची. मी म्हणालो, आई, मोटारीचं लग्न लावून राह्यलीस काय. तू हसली नाहीस. तुझं लक्ष नुकत्याच बाहेर काढलेल्या जाळीकडं होतं.

तू ती मांडीवर घेतलीस, उलटी केलीस, तळाच्या भोकात करंगळी घातलीस. "हे तर भांडंच हाय," तू म्हणालीस. "पानी आत राह्यलं पाह्यजे, बाहेर न्हाई. एवढंच ना?" कुंभार पिंपळगावच्या तांबटाची तू एकुलती पोर. तुला भाऊ नव्हता, म्हणून आजोबांचा भाता तूच हलवायचीस, कल्हईला नवसागर तूच टाकायचीस, आणि पुढं त्यांची नजर गेली तेव्हा डाखाचं, म्हणजे कथील वितळवून जोड बसवायचं, कामही तूच करायचीस, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा बेतानं. हे सगळं मला माहीत होतं, पण आपल्या आईबद्दल माहीत असलेलं माणूस कुठं लक्षात ठेवतो. माळ्यावरून भाता आणि तांब्याच्या टोकाची डाखाची सळई खाली आली तेव्हा मी तुझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

ठिगळाला पत्रा पाहिजे होता. लढाईनं बाजारातलं तांबं गायब केलं होतं, मी चार दुकानं हिंडून हात हलवत परत आलो. तू उठलीस, माठाजवळचा तुझा तांब्या घेतलास आणि पत्र्याच्या कात्रीनं त्याच्या पोटाचा तुकडा कापायला लागलीस. तो तांब्या आजोबांनी स्वतः ठोकून तुला लग्नात दिला होता.

"अगं, हा कामून?"

"मंग काय तुझं डोकं लावू का ठिगळाला? हितंच पत्रा जाड हाय. आबानं नाव घालायसाठी जाड ठिवल्ता."

कापलेल्या तुकड्यावर ठिपक्यांनी पाडलेली अक्षरं होती. जन्मापासून त्या तांब्यानं पाणी प्यालो होतो आणि ती अक्षरं मला नक्षीसारखी वाटत आली होती. मी विचारलं, "काय लिवलंय यावर?" तू वरवंट्यानं तुकडा सपाट करत होतीस. "नाव हाय माझं. लग्नाच्या आधीचं." मी "बरं" म्हणालो, आणि कोळसे पुरतील का ते विचारलं. अक्षरांची बाजू तू आत घातलीस. वरून गुळगुळीत पाहिजे, म्हणालीस, न्हाईतर डाख बसत न्हाई.

बाकीचे जोड सुटू नयेत म्हणून तू सगळ्या जाळीला ओल्या चिंध्या गुंडाळल्यास. मी सांडशीनं ठिगळ दाबून धरायचं, तू कडेनं डाख फिरवायचा. धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं, सांडशी तापत होती. तू सळई उचललीस आणि मी लगेच हात काढला. मग तू एका नळीत बोळा ठोकलास, जाळी घंगाळातल्या पाण्यात बुडवलीस, दुसऱ्या नळीला तोंड लावून फुंकलंस आणि ठिगळाच्या एका कोपऱ्यातून बुडबुडे वर आले. तू मला कधी फार बोलली नाहीस, पण त्या दिवशी बोललीस. "हात कामून काढला? जल्दी हाय का तुला? डाख पडला म्हंजी बसला असं न्हाई. तो थंड होईस्तोर धरून राह्यावं लागतं. दम न्हाई बिलकुल तुझ्यात." सगळं परत उकललंस, परत घासलंस. दुसऱ्या वेळी मी धरून राहिलो. अंगठ्याला फोड आला, पण धरून राहिलो. घंगाळातलं पाणी हललंसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी सकाळी डॅशबोर्ड जागेवर बसला. भोंगा वाजवला की एक दिवा मिचकायचा, तेवढी चूक राहिली होती, ती मी नंतर काढली. मोटार चालू करून ठेवली आणि तुला म्हणालो, बस, बघ तरी. तू आधी नको म्हणालीस. मग पदर सावरून पुढच्या सीटवर बसलीस, अवघडून, पाहुण्याच्या घरी बसावं तशी. पंखा सुरू झाला. थंडी कडाक्याची होती, तुझी पावलं भेगाळलेली. तू ती जरा पुढं केलीस आणि एकदम हसलीस. "अरे, खरंच ऊन लागून राह्यलं." तू मोटारीत बसलीस ती तेवढीच. जागच्या जागी, पेरूच्या झाडाखाली.

दुपारी सेठजी आले. वाकून खाली बघितलं, हात लावला, पंखा लावायला सांगितला. "एक थेंब नाही रे. कोणी केलं हे?" तू दारात उभी होतीस, काळे हात पदराखाली घेऊन. मी म्हणालो, "मीच केलं, सेठजी." ते माझ्या तोंडाकडं बघतच राहिले आणि मग त्यांची नजर दारातल्या भात्यावर गेली. तेव्हा तू बोललीस. "त्यानंच केलं. मी नुसता भाता हलवून राह्यले व्हते." नोकरी जाईल या भीतीनं मी तसं बोललो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. पण आई, भीती नव्हती. काम झालेलं होतं, भीती कसली? मला ते वाक्य म्हणायला आवडलं.

दुसऱ्या दिवशी माजींनी तुझ्यासाठी हिरवं इरकली लुगडं पाठवलं. असा हुशार पोरगा पोटी आला, नशीबवान आहेस, असा निरोप होता. तू लुगडं हातात घेतलंस, काठावरून बोट फिरवलंस आणि ट्रंकेत ठेवलंस. जेवताना मी म्हणालो, आई, सेठजींना सांगू का खरं? तू भाकरी वाढलीस आणि म्हणालीस, "जेव." माझ्या मनात होतं की तू सांग म्हणावंस, आणि तू म्हणू नयेस असंही होतं.

मग सेठजींनी मला मुंबईच्या गॅरेजात शिकायला पाठवलं. तिथं सगळं आलं, इंजिन आलं, गिअर आले, डाख नाही आला. माझा हात लवकर निघतो. तुला ताप आला आणि पाच दिवसांत तू गेलीस तेव्हा मी तिथंच होतो. तार हाती पडून मी घरी पोचलो तर सगळं उरकलेलं. ट्रंकेत लुगड्याची घडी तशीच होती. दहाव्याला कुणीतरी सहज विचारलं, हिचं माहेरचं नाव काय होतं? सगळे एकमेकांकडं बघत राहिले, आणि मग माझ्याकडं. सासरी ठेवलेलं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. पुढं एकदा मी कुंभार पिंपळगावलाही जाऊन आलो. एक म्हातारी भेटली. "तांबटाची पोर ना?" ती म्हणाली, "लई गुणाची व्हती हाताची." नाव तिलाही आठवेना.

वर्कशॉप काढलं तेव्हा पाटीवर रंगवून घेतलं, रेडिएटर दुरुस्तीचे तज्ज्ञ. लोक लांबलांबून यायचे, सेठजींच्या मोटारीची गोष्ट ऐकून. रेडिएटर आला की मी तो मागच्या दारानं बाजारातल्या कल्हईवाल्याकडं पाठवायचो आणि पुढच्या दारानं गिऱ्हाइकाला द्यायचो. चाळीस वर्षं हे चाललं. सेठजींच्या नातवानं ती मोटार भंगारात काढली तेव्हा मी डॅशबोर्ड स्वतःच्या हातानं उतरवला. तारांना चिंध्या होत्या, रंग गेलेल्या. जाळी मी मागून घेतली. आठवण म्हणून, असं म्हणालो.

ठिगळ काढायला दोन मिनिटं लागतील. ज्योत धरली की डाख पातळ होईल, पत्रा सुटेल आणि मागच्या बाजूला ठिपके असतील. आता मला वाचता येतं. या आठवड्यात मी दोनदा डाखाचा दिवा पेटवला आणि दोनदा विझवला. सुनेनं विचारलं, काय चाललंय, तर म्हणालो, साफ करतोय. उघडलं तर मला परत बसवता येणार नाही, हे खरंच आहे. तुझ्या हातचं एवढंच काम उरलंय, आणि जे धरायचं तेवढं मी त्या दिवशी एकदाच नीट धरलं होतं.

पाकिटावर तुझं सासरचं नाव घालता आलं असतं. ते घालावंसं वाटेना, म्हणून पाकीट कोरंच ठेवलंय आणि हे कागद जाळीखाली ठेवतोय. पण जोड सुटेल म्हणून मी थांबलेलो नाही, आई. अक्षरं तू आतल्या बाजूला घातली होतीस. त्यांच्यावरून वर्षानुवर्षं कढत पाणी गेलंय. ठिगळ काढलं आणि आत नुसतं गुळगुळीत तांबं निघालं, तर तुझं नाव तुला विचारायची ही शेवटची जागाही उरणार नाही, म्हणून मी ज्योत लावत नाही.