वीस सेकंदांच्या जागा

२ मार्च
डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून घसा पाहिला. स्वरतंतूंवर दोन गाठी आहेत, मसुराच्या दाण्याएवढ्या. साध्या आहेत, घाबरू नका, म्हणाले. घाबरतंय कोण? लेझरने काढणार. मग विचारलं, तुम्ही फार बोलता का? मी म्हटलं, फार बोलत नाही, बोलण्यासारखं फार असतं. बसस्थानकावर एकतीस वर्षं घोषणा केल्या, माझ्यामुळे एकाचीही बस चुकली नाही, हे सांगायला लागले तर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.
ऑपरेशननंतर दहा दिवस पूर्ण मौन. कुजबुजायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही.
कॉन्व्हेंटमध्ये मदर आम्हाला अख्खी दुपार गप्प बसवत. दहा दिवस म्हणजे माझ्या हातचा मळ.

३ मार्च
प्रश्न धाकटीचा आहे. माझी बहीण. नवरा गेल्यापासून चार वर्षं परगावी एकटी, मुलगा नोकरीला लांब. रोज चार वाजता मी फोन करते. त्याशिवाय तिचं पान हलत नाही. खरं म्हणजे तिने इथेच येऊन राहावं. मागची खोली तिच्यासाठी चार वर्षं झाडून ठेवली आहे, पलंगपोस दर रविवारी बदलते. रोज सांगते, ये. ती म्हणते, बघू. भिडस्त आहे.
ऑपरेशनचं तिला सांगायचं नाही. हाय खाईल.

५ मार्च
तोडगा सापडला. दहा दिवसांचे दहा फोन आधीच मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायचे. चारला घरच्या फोनवरून नंबर लावायचा आणि मोबाइल रिसीव्हरला टेकवायचा. स्थानकावर माझ्या जागी जे मशीन आणलं त्याला कुठे थांबावं कळत नाही. मला कळतं. धाकटी कशावर काय म्हणणार हे मला पाठ आहे, तरी प्रत्येक प्रश्नानंतर तिला वीस सेकंद सोडायचे. खरं तर तिला तीन पुरतात. पण मी मन मोठं केलं.

७ मार्च
दहाही झाले. स्टॉपवॉच लावून. आवाज घोगरा आहे, पण तो दोन महिने तसाच आहे, तिला सवय आहे. पाचवा फोन सर्वांत उत्तम जमला.

९ मार्च
आजचा फोन सकाळीच उरकला, मग ऑपरेशन झालं. सोबत कोण आहे, असं नर्सने तीनदा विचारलं. पाटीवर लिहून दाखवलं, गरज नाही. मग खालच्या मजल्यावरची शेजारीण न्यायला आली. टॅक्सीत वाटभर स्वतःच्या सुनेबद्दल बोलत होती. सहा वर्षांत बाईने माझ्याशी एवढं बोलल्याचं आठवत नाही. एरवी जिना चढताना घाईत असते.

१० मार्च, ४.२०
पहिला फोन बिनचूक. मी म्हटलं (म्हणजे मोबाइलने म्हटलं), जेवलीस का? ती म्हणाली, हो. मग सतरा सेकंद शांतता. मग पुढचा प्रश्न. काही संशय नाही.

१२ मार्च
धाकटी बडबडायला लागली आहे. वीस सेकंद पुरेपूर वापरते. गुडघा दुखतो, दुपारी घर खायला उठतं, रेडिओ मुद्दाम मोठा लावते. हे आधी कधी सांगितलं नव्हतं. बहुधा तब्येत बरी नसावी.

१४ मार्च, ४.३०
पाचवा फोन. मी विचारलं, आज काय केलंस? ती म्हणाली, ताई, एक विचारू? तुझ्याकडे राहायला येऊ का गं? कायमची?
वीस सेकंद होते. तिने नऊ घेतले. उरलेले अकरा मी रिसीव्हर धरून बसले. तोंड उघडलं होतं. मग माझाच आवाज म्हणाला, बरं, ते राहू दे. गॅस बंद केलास का?
ती म्हणाली, केला.
एक शब्द बोलले असते तर टाके तुटले नसते, लेझरमध्ये टाके नसतातच. पण डिसिप्लिन म्हणजे डिसिप्लिन. शिवाय बातमी आनंदाची आहे. पाच दिवस थांबली तर काय बिघडतं?

१५ मार्च
शेजारणीकडून निरोप द्यावा का? म्हणजे माझा खाजगी कारभार जिन्यात. नको. पत्र लिहिलं. त्यात ऑपरेशन सांगावं लागलं, रेकॉर्डिंगही. फाडलं. मी तिला फसवलं असं वाटेल.
मागच्या खोलीचे पडदे धुतले.

१६ मार्च
तिने पुन्हा विचारलं. सातवा फोन म्हणाला, उगीच डोक्याला ताप करून घेऊ नकोस.

१८ मार्च
आज विचारलं नाही. निर्धास्त झाली असावी. तिच्यासाठी आरामखुर्ची आणली, गुडघ्याला बरी.

२० मार्च
मौन संपलं. डॉक्टर म्हणाले, गाठी साफ गेल्या, पण पुन्हा येऊ शकतात, बोलताना मध्ये मध्ये थांबत जा. मला थांबायला शिकवतात. पहिला शब्द फुकट घालवायचा नाही म्हणून त्यांच्याकडे फक्त आ केलं. शेजारणीलाही मान हलवली. पहिला शब्द धाकटीसाठी.

२० मार्च, ४.४५
आवाज स्वच्छ, तीस वर्षांपूर्वीचा. खोली, पडदे, खुर्ची, कुठली बस, कितीचं तिकीट, सामान किती, सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, ताई, जरा थांबशील? काल मी मुलाला हो म्हटलं. रविवारी तो न्यायला येतोय. तुला दोनदा विचारलं, तू उडवून लावलंस. राग नाही गं. तुझ्याकडे यायला मी आधी घाबरायचेच, एक शब्द बोलू देत नाहीस. पण हे दहा दिवस तू किती छान ऐकत होतीस. म्हणून तर धीर झाला.
खरं काय ते सांगायला मी सुरुवात केली. बऱ्याच मागून करावी लागली, स्वरतंतू म्हणजे काय इथून. ती म्हणाली, दारात कुणी आलंय, ठेवते.

२३ मार्च, ४.००
धाकटी काल गेली. तिकडचा नंबर कळवते म्हणाली आहे.
पाचवं रेकॉर्डिंग लावलं. आज काय केलंस, असं विचारून ते थांबलं. त्या वीस सेकंदांत मी म्हटलं, ये.
ते म्हणालं, बरं, ते राहू दे. गॅस बंद केलास का?
उठून पाहिलं. बंद होता.