पेनरोजांकडचा पंधरावा सभासद

टमारॅक,
१२ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. आयलीस,
रेनोदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन का केला नाहीस म्हणून रुसू नकोस. माझ्या डाव्या कानाला ऐकू येत नाही आणि उजव्याला तुझं बोलणं झेपत नाही. पत्र बरं, मधेच बाजूला ठेवता येतं.

बातमी अशी, की राज्याच्या कचेरीने फर्मान काढलंय. ज्या माजी सैनिक मंडळाचे मार्चअखेर पंधरा सभासद नसतील, ते शेजारच्या मंडळात विलीन करणार. आम्ही चौदा आहोत. तुमचं ऑटर बेंडचं मंडळही चौदावरच आहे, तुझा नवरा कितीही लपवू दे. म्हणजे जो आधी एक माणूस मिळवेल तो टिकेल, आणि दुसऱ्याचा हॉल त्याच्या पदरात पडेल.

असा एक माणूस आलाय. आपल्या दोन गावांच्या मधलं शेतघर रिकामं पडलं होतं ना, तिथे डेट्रॉइटहून हॉलिस पेनरोज आणि त्याची बायको राहायला आलेत. मी गाडीतून जाताना दोरीवर सैन्याचा हिरवा कोट वाळत होता. हॉलिसच्या मानाने जरा आखूड वाटला, पण धुऊन आटला असेल. माणूस पंचेचाळिशीचा, धडधाकट. दफनाच्या वेळी बंदुकीची सलामी द्यायला सात जण लागतात. मागच्या खेपेला आम्ही पाच होतो, त्यात काठी टेकणारा मी एक. मॅटी हाकोला, नव्वदीचा, पहिल्या महायुद्धातला, खुर्चीत बसून बंदूक उडवतो म्हणाला, पण त्याच्या मुलीने त्याला घराबाहेर पडू दिलं नाही.

आर्विडला यातलं काही सांगू नकोस. नवऱ्यापेक्षा भाऊ जवळचा, एवढं ध्यानात ठेव.

तुझ्या मायेचा हक्कदार,
रेनो

*

ऑटर बेंड,
२ नोव्हेंबर १९८६

ति. रेनोदादास,
आयलीचा शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालास तसं मी आर्विडला काही सांगितलं नाही. पत्रच त्याच्या हातात दिलं. शनिवारी सकाळीच तो हरणाच्या मांसाचे सॉसेज आणि माझ्या थिंबलबेरी जॅमच्या दोन बाटल्या घेऊन पेनरोजांकडे पोचला. तू त्याच दुपारी ॲपल पाय घेऊन गेलास, हेही कळलं. दुकानातला होता, असं हॉलिसनेच सांगितलं. थोडी तरी लाज ठेवायची होतीस, घरी केलाय म्हणालास म्हणे.

हॉलिस फार बोलत नाही. सॉसेज उत्तम आहेत म्हणाला, चूल धूर नीट ओढत नाही म्हणाला, आणि संपलं. आर्विड परत येऊन मला सांगतो, की इतकं कमी बोलतो म्हणजे हा नक्की आघाडीवर होता. मी विचारलं, तू सरळ विचारलंस का. तर म्हणाला, की युद्धाचं कोणी कोणाला विचारत नसतं. हा तुम्हा लोकांचा कायदा मला तीस वर्षांत कळलेला नाही.

त्याची बायको डेल्फीन मात्र मला आवडली. मी तिला आमच्या महिला मंडळात ओढून आणलंय. दर गुरुवारी आम्ही विकायला पॅस्टीच्या खाऱ्या करंज्या करतो, त्यासाठी ती बटाटे आणि रुटाबागाचे कंद चिरते, एकसारखे, बोलण्यात लक्ष असतानाही. म्हणजे अर्धं घर आमच्याकडे आलंच आहे, दादा. उरलेलं अर्धं मागोमाग येईल.

थंडीत छातीला ऊब दे, आणि या बहिणीवरचा राग लवकर विसर, ही विनंती.

तुझी,
आयली

*

टमारॅक,
३० नोव्हेंबर १९८६

चि. सौ. आयलीस,
अ. उ. आ. वि. वि.

फितूर बहिणीला आशीर्वाद द्यावेत की नाही, यावर बराच विचार करून वर दिले आहेत.

परवाच्या बर्फात आर्विड उठायच्या आत मी गाडीला बर्फाचा नांगर लावून पेनरोजांचा रस्ता मोकळा करून आलो. हॉलिसने मला कॉफी पाजली. शुक्रवारी आमच्या हॉलवर तळलेल्या माशांचं जेवण होतं, तिथे दोघेही आले. हॉलिसने तीनदा वाढून घेतलं. नंतर कळलं की बुधवारी तुमच्या हॉलवरही त्याने तीनदाच घेतलं होतं. त्याचं वजन वाढतंय, आमची संख्या वाढत नाही.

डेल्फीन सगळा वेळ म्हाताऱ्या मॅटीजवळ बसली होती. त्या दोघांचं काय चाललं होतं कोण जाणे, पण मॅटी जाताना माझ्याकडे बघून हसला. का हसतोस विचारलं, तर म्हणाला की तू नांगर चांगला चालवतोस. नव्वदीला माणसं अशीच व्हायची.

नाताळच्या आधी हॉलिसला पकडायचाच, हे माझं ठरलंय. तू तटस्थ राहिलीस तरी मी समाधानी आहे.

मुलांना माझे आशीर्वाद कळव.

रेनो

*

ऑटर बेंड,
१४ डिसेंबर १९८६

ति. दादास,
सा. न. वि. वि.

आधी कॉफीचा कप खाली ठेव.

काल आर्विड पेनरोजांकडे ठरवूनच गेला. सभासद करायचं तर तुकडीचं नाव लागतंच, म्हणून त्याने मान खाली घालून हॉलिसला विचारलं, की तू कुठल्या तुकडीत होतास. हॉलिस म्हणाला, मी शाळेत संगीत शिकवायचो आणि सुट्टीत पियानो जुळवायचो. माझे तळपाय सपाट, सैन्याने दारातूनच परत पाठवलं. आर्विडने विचारलं, मग तो कोट कोणाचा. तो म्हणाला, डेल्फीनचा. ती सैन्यात नर्स होती, व्हिएतनामला वर्षभर. कॅप्टन म्हणून बाहेर पडली.

आर्विडने विचारलं, की अरे बाबा, इतके दिवस सांगितलं का नाहीस. हॉलिस म्हणाला, तुम्ही चुलीचं विचारलंत, मी चुलीचं सांगितलं. तुम्ही बर्फाचं विचारलंत, मी बर्फाचं सांगितलं. हे तुम्ही विचारलंच नाही. आणि आपणहून सांगू नकोस अशी डेल्फीनची मला ताकीद होती.

घरी येऊन आर्विड बूट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिला. मी आधी पोट धरून हसले. मग माझं हसू राहिलं तिथेच. सहा आठवडे ती माझ्या कोपराला कोपर लावून उभी आहे. मी तिला पडद्यांची मापं विचारली, मुलं का नाहीत तेही विचारलं, भोचकपणे. चर्चमध्ये मी तिची ओळख काय करून दिली, तर या एका सैनिकाच्या सौभाग्यवती. तिच्या ओठाचा फक्त एक कोपरा हलला.

आता तुम्ही दोघे काय करणार ते मला बघायचंय.

तुझ्या ओळखीची पण सध्या जरा खजील,
आयली

*

टमारॅक,
४ जानेवारी १९८७

चि. सौ. आयलीस,
नव्या वर्षाचे नवे आशीर्वाद. वि. वि.

म्हणजे कोट आटला नव्हता.

मी आमची बैठक बोलावली. निम्मे म्हणाले, बाईमाणसाला महिला मंडळात घ्या. मी म्हटलं, ती कॅप्टन होती. आपल्या चौदा जणांत तिला सलाम ठोकावा लागणार नाही असा एकही नाही, तेव्हा बसून बोलताय तोवर बोलून घ्या. त्यावर सगळ्यांनी हात वर केले.

मग तिच्या घरी गेलो, टोपी हातात घेऊन. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे नाही म्हणाली. व्हिएतनामहून परत आल्यावर त्याच उन्हाळ्यात ती एका शहरात अशाच एका हॉलवर गेली होती म्हणे. दारातल्या माणसाने विचारलं, तू कोणाची बायको. ती म्हणाली, कोणाचीच नाही. तो म्हणाला, मग जेवणाचं साहित्य मागच्या दाराने आण. ती मागच्या पावली वळली ती कायमची. तुम्हा बायकांच्या स्वयंपाकघरात मात्र तिला बरं वाटतं म्हणाली. बटाटे चिरायला बोलावलं आणि बटाटेच चिरायला दिले, फसवाफसवी नाही. तुमच्यापैकी कोणाचाही पंधरावा आकडा व्हायला मी आलेले नाही, हे तिने मला दारापर्यंत सोडताना सांगितलं.

मॅटीला तिच्याबद्दल नोव्हेंबरपासूनच माहीत होतं. त्या शुक्रवारी त्याने तिला मासे पुढे सरकवत विचारलं होतं, की पोरी, तू कुठे होतीस. बस, एवढंच. आता ती त्याच्याकडे रोज जाते. त्याची छाती भरलीय, डॉक्टर फारसं बोलत नाहीत.

आर्विडला म्हणावं, सॉसेज पाठव. इथे खाणारं माणूस मीच उरलोय.

रेनो

*

टमारॅक,
१५ फेब्रुवारी १९८७

चि. आयलीस,
आशीर्वाद. वि. वि.

मॅटी गुरुवारी गेला. मुलगी एका हाताशी होती, डेल्फीन दुसऱ्या. जमीन गोठलेली आहे, त्यामुळे दफन मे महिन्यात. तोवर तो कबरस्तानाच्या दगडी खोलीत राहील. थंडीची त्याला सवय आहे, असं त्याची मुलगीच म्हणाली आणि मग रडली.

जायच्या आधी दोन दिवस त्याने मला बोलावलं. म्हणाला, माझ्या जागी हिचं नाव घाल. मी म्हटलं, ती पंधरावी व्हायला तयार नाही. तो म्हणाला, गणित येतं का तुला? मी चाललोय. म्हणजे ती चौदावी. मी डेल्फीनकडे पाहिलं. ती म्हणाली, मॅटी मागतोय तर मी हो म्हणते, तुम्ही मागत होता म्हणून नाही. मॅटीला हसताना खोकल्याची उबळ आली, तिने त्याला उठवून धरलं.

तर आम्ही पुन्हा चौदा. तुम्हीही चौदा. कोणीच जिंकलं नाही, आणि मार्चअखेर राज्याची कचेरी दोघांनाही साठ मैलांवरच्या मोठ्या मंडळात नेऊन टाकेल. दफनाला कोण एवढ्या लांबून येणार, कोणाला मॅटीचं नावसुद्धा माहीत नसणार. हे आर्विडला वाचून दाखव. या वेळी मी त्याला चिडवत नाहीये.

तुझा दादा

*

ऑटर बेंड,
८ मार्च १९८७

ति. दादास,
सा. न. वि. वि.

आर्विडने पत्र ऐकलं, खिडकीजवळ जाऊन उभा राहिला आणि इतकंच म्हणाला, अठ्ठावीस. मग मलाही कळलं. राज्याने जोडायच्या आधी आपणच एकमेकांना जोडून घ्यायचं.

हे सुचायला दोन मंडळांना पाच महिने आणि हॉलिसचे सात किलो लागले, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

कालच्या तुमच्या एकत्र बैठकीत तू होतासच, पण तुला जे दिसलं नाही ते सांगते. अध्यक्ष तू व्हावंस हे आर्विडला नको होतं आणि त्याने व्हावं हे तुला नको होतं. तुम्ही दोघेही एकमेकांना आग्रह करत होतात, अगदी लग्नघरातल्या व्याह्यांसारखा. आम्ही बायका स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. डेल्फीनचं नाव सुचवावं असं मी आर्विडला जेवताना बोलले होते. तो म्हणाला होता, अध्यक्षपदी बाई कधी झालेली नाही. मी म्हटलं, तुमच्यापैकी कॅप्टन तरी कोण झालाय? त्याने नाव सुचवल्यावर तू ज्या घाईने अनुमोदन दिलंस, त्यावरून तुलाही तेच हवं होतं हे उघड झालं.

एप्रिलमध्ये तुझ्या खुब्याची शस्त्रक्रिया आहे. तिथल्या नर्सबाईंना आधीच विचारून घे, त्या कुठल्या हुद्द्यावर होत्या.

तुला लवकर काठीशिवाय बघायचंय.

आयली

*

ऑटर बेंड,
२४ मे १९८७

ति. रेनोदादास,
शि. सा. न. वि. वि.

अजून महिनाभर इस्पितळात म्हणजे तुला कंटाळा आला असणार, म्हणून सविस्तर लिहिते.

मॅटीचं दफन शनिवारी झालं. सलामीला सात जण उभे होते, चार टमारॅकचे, तीन आमचे. तुझी बंदूक आर्विडकडे होती. निशाणाची घडी डेल्फीनने घातली आणि मॅटीच्या मुलीच्या हातात दिली. ती काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण मुलीने तिचे हात बराच वेळ सोडले नाहीत.

मंगळवारी तिची अध्यक्ष म्हणून पहिली बैठक होती. छप्पर गळतं, खुर्च्या कमी आहेत, हे सगळं तिने पटापट उरकलं. मग म्हणाली, की यापुढे दर बैठकीत ज्याला वाटेल त्या एकाने सांगायचं, तो कुठे होता. सक्ती नाही. आणि तिने स्वतःपासून सुरुवात केली. आम्ही स्वयंपाकघरात खिडकीशी उभ्या होतो.

तिचं सांगून झालं. मग आर्विड उठला.

कोरियात तो जखमींचा ट्रक चालवायचा, एवढं मला ठाऊक होतं. एकदा बर्फाच्या रस्त्यावरून उतरताना मागे जागा नव्हती म्हणून एका मुलाला त्याने आपल्या शेजारी बसवलं. जॉर्जियाचा होता. तो आर्विडला म्हणाला, बोलत राहा, म्हणजे मला झोप लागणार नाही. आर्विड दिवसभर बोलत राहिला. तळं, मासे, आईची भट्टीची भाकरी, जे सुचेल ते. मुलगा मधून मधून हुंकार द्यायचा. मग द्यायचा थांबला. आर्विडला कळलं, पण त्याने बोलणं थांबवलं नाही, थेट छावणीपर्यंत. तिथे दोघांनी येऊन त्याला स्टिअरिंगवरून सोडवलं.

दादा, लग्नाला तीस वर्षं झाली. गाडी चालवताना हा माणूस कधी एक अक्षर बोललेला नाही. मी समजत होते, रस्त्याकडे लक्ष देतो. मुलं लहान असताना मागच्या सीटवर दंगा करायची, तेव्हाही नाही. मी त्यावरून त्याला किती टोमणे मारले, तुला माहीत आहे.

बैठक संपल्यावर आम्ही गाडीने घरी निघालो. मी काही विचारलं नाही. पेनरोजांचं घर मागे पडलं तसा तो म्हणाला, की हॉलिसने पोर्चला निळा रंग दिलाय, तो काही चांगला दिसत नाही. मी म्हटलं, नाही दिसत. मग तो म्हणाला, पांढरा द्यायला हवा होता. घर येईपर्यंत आम्ही रंगांबद्दल बोलत होतो.

पाय जपून टाक. जुलैच्या बैठकीसाठी डेल्फीनने तुझी खुर्ची पुढच्या रांगेत ठेवायला सांगितली आहे, उजव्या कानाच्या बाजूला.

तुझी वाट बघणारी,
आयली