माऊथपीस मागे राहत नाही

चि. भोंगाबाईस,

दादाचा आशीर्वाद, आणि कानाला एक चिमटा. मी मजेत आहे. हॉटेलच्या बँडमधली नोकरी बरी आहे, खोलीही उबदार आहे, असं आईला सांग. तिचे गुडघे कसे आहेत?

तुझं क्लॅरिनेट चिरकतं, कारण तू रीडची पातळ पट्टी चावतेस. आधी ती तोंडात धरून नीट भिजव. गाल फुगवू नकोस. रोज एकच सूर दम संपेपर्यंत लांबव, गाणी मग. वाजवून झालं की आतून कापड फिरव, नाहीतर लाकूड तडकेल.

माऊथपीस मात्र मैत्रिणीलासुद्धा देऊ नकोस. त्यावर आपल्या दातांची खूण बसते, मग दुसऱ्याच्यावर धड सूर लागत नाही. वाजवणारा एक वेळ वाद्य सोडून जाईल, माऊथपीस नाही सोडणार.

माझ्या आधीचा वादक न सांगता घरी गेला, असं मालक म्हणतात. परवा कपाटाच्या मागे मला त्याचं माऊथपीस सापडलं, रुमालात गुंडाळलेलं. मी भाबडेपणाने मालकांना दाखवलं. त्यांनी ते खिशात टाकलं आणि हसत विचारलं, "आणखी कुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही," म्हणालो.

तेव्हापासून साबण आणायला निघालो तरी चौकीदार सोबत येतो. हे पत्र मी धोब्याच्या हाती देतोय.

आईला वाचून दाखवताना एवढं गाळ. आणि कुणी कळवलं, की तुझा दादा इथून निघून गेला, तर फक्त विचार, माऊथपीस नेलं का?

तुझा,
दादा