एका गोळीची नळी

बार्शीटाकळी, मंगळवार, संध्याकाळ

काल तुरीत शिरलेल्या रानडुकरावर मी बाबांची जुनी बंदूक झाडली. वनखात्याची परवानगी आहे, परवानाही माझ्याच नावावर. छर्रे मागच्या पायात बसले आणि डुक्कर लंगडत नाल्यात उतरलं. आज दिवसभर शोधलं, सापडलं नाही. तो लंगडा पाय डोळ्यांसमोरून हलत नाही.

धाकटा भाऊ वसंता म्हणतो, "दादा, अमरावतीच्या कारागिराकून नळी एका मोठ्या गोळीजोगी करून घ्या. जागेवरच खतम. कायले हाल करून राहिले त्याचे?"

"अरे, मी गावोगाव जीवदयेवर बोलतो!"

"मंग डुकरायले बी बोलवा न सभेले."

हसलो. पटकन मारणं ही दया? मग छर्रे भरताना मी काय करत होतो? तो पाय... खरं तर मारायचं नव्हतंच, नुसतं हाकलायचं होतं. छऱ्यांत तेवढी पळवाट होती. एका गोळीत ती नाही. घोडा ओढायचा तो मारायचं ठरवूनच.

वसंताला हो म्हणवत नाही. नाही कोणत्या तोंडानं म्हणू?