थोरल्यांचा पासवर्ड

१४ मार्च, सकाळ

ताई,

नमस्कार, आणि आधी पाठीत एक धपाटा घाल. तुझी पत्रं साठून उशी उंच झाली, पण माझं उत्तर नाही. रोज लिहायला बसते आणि काहीतरी आडवं येतं. काल पेन शोधायला उठले ती चप्पल शिवून आणून झोपले.

मी मजेत. हल्ली भरतकामाच्या कारखान्यात आहे. गणवेशावरची बोधचिन्हं मशीन शिवतं, त्याला नक्षी कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममधून जाते. तो बघते मी. हो, कॉम्प्युटरात नापास झालेली तीच. हसू नकोस.

तर हा प्रोग्राम आम्ही उघडला की म्हणायचा, परवानगी नाही. थोरल्यांचा पासवर्ड टाकला की मुकाट उघडायचा. थोरले म्हणजे मालकांचे मोठे भाऊ. कॉम्प्युटर त्यांनी बसवलेला. पुढे दोघांचं बोलणं बंद झालं. कशावरून, ते दोघांनाही धड सांगता येत नाही. तरी थोरले रोज सकाळी यायचे, कीबोर्डवर हात आडवा धरून पासवर्ड टाकायचे, "झालं" म्हणायचे. मालक तोवर दोऱ्यांत डोकं घालून. टेबलावर मात्र चहाचे कप दोन. थोरले उभ्याउभ्याच प्यायचे.

मध्यंतरी ते परगावी गेले आणि काम ठप्प. मालक वैतागले, "पोरी, याचा कायमचा निकाल लाव!" मी खोदत बसले. निघालं एवढंच, की प्रोग्रामला उघडताना स्वतःच्या फोल्डरमध्ये काहीबाही लिहायचं असतं आणि कॉम्प्युटरवरच्या आमच्या खात्याला तिथे लिहायची मुभा नव्हती. तेवढ्या एका फोल्डरची परवानगी दिली की झालं. पण ती द्यायलाही थोरल्यांचाच पासवर्ड.

ते परतल्यावर म्हटलं, "काका, एकदा टाका. मग यायला नको."

"अजिबात नको?"

"अजिबात."

त्यांनी चष्मा पुसला, पासवर्ड टाकला. या वेळी हात आडवा धरला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम टपकन उघडला. मी शाबासकीची वाट बघतेय, तर मालक दाराकडे बघतायत. कप अजून दोनच, एक रोज गार होतो. काल म्हणाले, "काम चोख केलंस हो." शाबासकी मिळाली, पण नकोशी.

तू विचारतेस, घरी कधी येणार. मागे आले ती दाखला न्यायला, त्याआधी स्वेटर. आई दारातच पिशवी पुढे करते, मी दारातच घेते. ती आत ये म्हणत नाही, मी येऊ का विचारत नाही. आता घरात माझं काही उरलंच नाही, मग कुठल्या निमित्ताने येऊ? हेच लिहायचं टाळत होते गं.

थांब, कारखान्याच्या दारात कुणीतरी आलं.

ताई, थोरले! मी घाबरून म्हटलं, "काका, काही बंद पडलेलं नाहीये."

"माहितेय. काही काम नव्हतं, म्हणून आलो."

मालकांनी स्टूल पायाने पुढे ढकललं. "बस दादा. गार होतोय."

बसलेत! समोरासमोर!

मी रविवारी येतेय. काय न्यायला, असं आईने विचारलं तर सांग, काही नाही.

पिशवी न घेता निघालेली,
तुझी भिंगरी